काटेरी चौकोन

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही दादाने दिली. वस्ती समितीची जुनी नोंदवही आहे, पुढची अर्धी पानं भरलेली. "मागून लिही, चांगला कागद वाया जायला नको," म्हणाला. दादा असाच. संपत आलेल्या साबणाची चकतीसुद्धा नव्या साबणाला चिकटवतो. पुढच्या पानांवर सभांच्या नोंदी आहेत. 'सर्वानुमते ठरले', 'आभार मानून सभा संपली'. दोन ओळी वाचल्या, जांभई आली, वही उलटी केली.

रोजचं काम लिहून ठेवायचं आणि हेडसरांना दाखवायचं, असं ठरलंय. हेडसर म्हणजे समितीचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झालेत, पण समोर दिसेल त्याला अजून वर्गात बसल्यासारखंच वागवतात. त्यांना दाखवायला वेगळा कागद करीन. हे माझं माझ्यापाशी.

काम म्हणजे बाग. बाग म्हणायचं आपलं. लोखंडी फाटक, आत मोडका झोका, गुडघाभर गवत, आणि लोकांनी टाकलेल्या गाद्या. (तीन गाद्या! एका वस्तीत तीन जणांनी गादी टाकली, म्हणजे ते आता कशावर झोपतात? की माणसंच कमी झाली?) ती साफ करायची, झाडं लावायची, पोरांसाठी घसरगुंडी आणि वाळूचा खड्डा करायचा. दोन मार्चला उद्घाटन. दादा समितीचा सेक्रेटरी आहे, त्याने माझ्यासाठी शब्द टाकला. फाटकाची किल्ली आता माझ्याकडे.

मला भीती वाटते. बागेची नाही, शब्दाची. बेकरीत मी चार महिने टिकले, मोबाइलच्या दुकानात तीन, नर्सिंगच्या कोर्सला नऊ दिवस. काही बिघडलं की माझे पाय आपोआप चालायला लागतात. दादा मला 'भिरभिरं' म्हणतो. वहिनी काही म्हणत नाही. तिने पॅसेजमध्ये माझी घडीची खाट लावली आणि एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"पंधरा."

"मागच्या वेळीही पंधराच होते," ती म्हणाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

हाताला फोड. गवत निम्मं काढलं. एका गादीत उंदरांचं घर निघालं, मी किंचाळले. रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्या मावशींनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागल्या. त्या कुणाशी फारशा बोलत नाहीत. कपडे घेतात, कपडे देतात.

मागच्या कोपऱ्यात काटेरी झुडपांचं रान आहे, माझ्या डोक्याएवढं उंच. नाव कुणालाच माहीत नाही. गंमत म्हणजे ते रान वाटेल तसं वाढलेलं नाही. चौकोनी आहे. पट्टी लावून आखल्यासारखं. बारा पावलं लांब, आठ पावलं रुंद, मी बाहेरून मोजलं. आणखी एक गोष्ट. सगळी बाग कोरडी ठणठणीत, पण या झुडपांच्या बुडाशी माती ओली.

काट्यांना पाणी कोण घालतं?

चार वाजताच कुलूप लावून घरी आले. हेडसरांच्या कागदावर लिहिलं, 'गवत काढले.'

९ फेब्रुवारी, रविवार

पाणी घालणारं माणूस सापडलं. सकाळी लवकर गेले तर कुंपणाच्या फटीतून एक नळी आत आलेली, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला इस्त्रीवाल्या मावशी. मला पाहून त्यांनी नळी गुंडाळली, काही झालंच नाही अशी.

हसू आलं. म्हातारपणी माणसं कशाकशावर जीव लावतात. बेकरीत एक आजोबा यायचे, ते रोज एक पाव घ्यायचे आणि दुकानासमोरच्या दिव्याच्या खांबाला त्याबद्दल सांगायचे. असो.

आज हेडसर आणि दादा पाहणीला आले. हेडसरांनी छडी काट्यांकडे रोखली. छडी म्हणजे छत्री, पण त्यांच्या हातात तिची छडी होते. "हे आधी काढ. वाळूचा खड्डा इथेच. सावली आहे, रस्त्यापासून लांब आहे."

दादा म्हणाला, "तो कोपरा राहू दे ना, सर. दुसरीकडे करू."

"का?"

दादाने माझ्या हातांकडे पाहिलं. "काटे आहेत. पोरीच्या हाताला लागतील."

"मग हातमोजे दे तिला!" हेडसर म्हणाले, आणि ठरलं. सर्वानुमते!

माझ्या हातांची काळजी दादालाच. संध्याकाळी खरंच हातमोजे घेऊन आला, पण ते खाटेवर ठेवून लगेच बाहेर गेला. कामाची आठवण आली असेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

निम्मे काटे तोडले. अंगभर ओरखडे. मावशी रस्ता ओलांडून फाटकाशी आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"कमिटीने सांगितलं काढायला?"

"हो, मावशी."

"सेक्रेटरींना माहीत आहे?"

"माझा भाऊच तो. त्याच्यासमोरच ठरलं."

त्यांनी तोडलेल्या काट्यांवर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "मग ठीक. मग झालं असेल ते काम," आणि गेल्या. कोणतं काम, ते विचारायचं राहिलं, कारण तेवढ्यात माझ्या सदऱ्याची बाही काट्यात अडकली आणि टर्रकन फाटली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुळं खणताना पहार कशावर तरी आदळली. दगडाचा आवाज वेगळा असतो, 'ठक्' असा, तिथल्या तिथे मरतो. हा 'ठण्ण' असा आला आणि खाली कुठेतरी जाऊन थोडा वेळ राहिला. पुन्हा मारून पाहिलं. पुन्हा तसाच.

हात घालून माती बाजूला केली तर सपाट फरशी लागली.

जेवताना दादाला सांगितलं. तो पावाचा तुकडा मोडत होता. "तिथे पूर्वी कपडे धुण्याचा कारखाना होता. त्याची जमीन असेल."

"पण आवाज पोकळ येतो."

"जुन्या फरशीखाली माती खचते, म्हणून येतो. घाबरतेस काय?"

"घाबरायला तिला कारण लागतं का?" वहिनी म्हणाली. "नर्सिंगला इंजेक्शन पाहून पळाली होती." मुंगी खो खो हसली. मुंगी म्हणजे माझी भाची, सहा वर्षांची. कुठेही साखर ठेवा, ही हजर. मीही हसले. दादा नाही हसला. त्याने ताटात निम्मं जेवण टाकलं. साबणाची चकती न टाकणारा माणूस!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वाळू आली! पिवळी, बारीक, चाळलेली. वेल्डरने घसरगुंडी उभी केली. काट्यांच्या जागी आता विटांची कड असलेला सुंदर खड्डा आहे, आणि तो मी केलाय. माझ्या हाताने काही उभं राहिलंय, असं पहिल्यांदाच झालं. वहिनीला दाखवायला घेऊन गेले. तिने वाळूत बोटं घातली आणि म्हणाली, "बरं झालंय." वहिनीचं 'बरं' म्हणजे दुसऱ्याचं 'वा वा'.

पोरं फाटकाच्या गजांना नाक लावून उभी असतात. "उघडा ना ताई, पाचच मिनिटं." मुंगी सगळ्यांना सांगते, "आमची बाग आहे. किल्ली माझ्या आत्याकडे आहे."

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी वाळूत एक खळगा दिसला. उजव्या कोपऱ्यात, वाडग्याएवढा. कुत्रं बसलं असेल. फावड्याने सारखा केला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा तिथेच. आज परातीएवढा. कुत्र्याच्या पावलांचे ठसे नाहीत. खळग्याच्या बाजू गुळगुळीत, मध्यभागी निमुळता, चहा गाळायच्या गाळणीसारखा. मी वाकून पाहत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर मधली वाळू हलली. एकदाच. कुणीतरी खालून घोट घ्यावा तशी.

मी इतकी मागे सरकले की घसरगुंडीवर डोकं आपटलं.

मग काय केलं? चार घमेली वाळू आणून खळगा भरला आणि वरून हात फिरवला. सांगणार कुणाला? हेडसर म्हणतील, नऊ दिवस राहिलेत आणि हिला भुतं दिसायला लागली. वहिनी म्हणेल, पळायची वेळ झाली वाटतं. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी माझ्याही मनात बसस्टँडच आला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज सहा घमेली लागली. कुणी यायच्या आत भरते. वरून खड्डा फार छान दिसतो.

दुपारी डोक्यात आलं, कारखान्याबद्दल समितीच्या नोंदीत काहीतरी असेल. आणि नोंदवही कुठे आहे? माझ्या उशाखाली! काखेत कळसा तो हाच. पुढची पानं काढून बसले. वाचता वाचता एका जुन्या सेक्रेटरीचं अक्षर इतकं सुंदर निघालं की अर्धा तास मी त्याचा 'ळ' गिरवत बसले. मग सापडलं. अकरा वर्षांपूर्वीचं पान, अक्षर दादाचं:

'मागील कोपऱ्यातील कारखान्याची भूमिगत पाण्याची टाकी कंत्राटदाराने पूर्णपणे बुजवली. काम समक्ष पाहून खात्री केली.' खाली दादाची सही. तारीख १४ जून.

हुश्श! टाकी होती, पण बुजवली. आणि दादाने स्वतः पाहिलं. जमीन थोडी बसत असेल, एवढंच. दादा एकदा म्हणाला पाहिलं, म्हणजे पाहिलं.

१४ जून वाचून हसूच आलं. त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा पळाले होते. आई गेली त्या वर्षी, मी अकरा वर्षांची असताना. तेराला निघाले, आणि दादा दोन दिवस बसस्टँड, धर्मशाळा, नदीचा घाट असा वणवण फिरत होता. पंधराला मी एका टपरीवर बिस्किटं खाताना सापडले. चौकोनी बिस्किटं, वर साखर. दादाने मला मारलं नाही, तिथेच खाली बसून रडला. ती बिस्किटं आता कुठे मिळत नाहीत.

आज छान झोप लागेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ते पान नाही.

मी धुंडाळून धुंडाळून पाहिलं. वहीच्या शिलाईत फाटलेल्या कागदाची दातेरी कड आहे. शनिवारी होतं, आज नाही. म्हणजे काल कुणीतरी उशाखालून वही काढली. म्हणजे हे सगळं वाचलं. वाळू, घमेली, बसस्टँड, सगळं.

घरात आम्ही चार माणसं. मुंगीला जोडाक्षरं येत नाहीत. दादा दुसऱ्याचं पत्रसुद्धा उघडत नाही. राहिली वहिनी. पण तिला त्या पानाचं काय करायचंय? मला खोटं पाडायला? नाव घ्यायची हिंमत नाही, पण आज तिने चहा दिला तेव्हा तिच्याकडे पाहवेना.

खळगा आज पाटाएवढा होता. दहा घमेली.

दादाची तब्येत बरी दिसत नाही. सकाळी सहाला मी बागेत पोचले तर तो कुंपणाबाहेर उभा. "फिरायला आलो होतो," म्हणाला. पायात घरातल्या चपला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

हे घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माझा दोष नाही.

मावशींकडे मुंगीचा उद्घाटनाचा फ्रॉक इस्त्रीला घेऊन गेले. त्या फ्रॉकवर पाणी शिंपडत होत्या. सहज म्हणाल्या, "आता बरं झालं. टाकी नीट बुजवून घेतली असेल कमिटीने."

"ती तर अकरा वर्षांपूर्वीच बुजवली ना, मावशी? नोंद आहे तशी."

त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

"अगं, इस्त्री धरण्याआधी माझा नवरा कारखान्यात कामाला होता. दोन पुरुष खोल टाकी ती. कंत्राटदाराची माणसं सकाळी आली, वर फरश्या टाकल्या, फरश्यांवर माती लोटली, दुपारच्या जेवणाला पसार. अर्ध्या दिवसात टाकी बुजते का?"

"मग तुम्ही सांगितलं नाही कुणाला?"

"हे गेले होते सांगायला. कमिटीतल्या जुन्या लोकांनी वही दाखवली. पाहून खात्री केली, असं लिहिलंय म्हणाले. लिहिलेल्यापुढे इस्त्रीवाल्याचं काय चालतं? मग यांनी काटे लावले. म्हणाले, माणसं कागद वाचत नाहीत, पण काटा सगळ्यांना वाचता येतो. हे गेल्यावर मी पाणी घालत राहिले. ती जुनी माणसं घरं विकून गेली. नव्यांना वाटलं रान माजलंय."

"मी तोडत होते तेव्हा का नाही बोललात?"

"तू म्हणालीस, सेक्रेटरींसमोर ठरलं. मला वाटलं, शेवटी शहाणे झाले, आता टाकी भरून मगच पोरांना आत सोडतील." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात इस्त्रीने गरम होता. "भरली नाही का गं?"

मी फ्रॉक तिथेच विसरून आले.

दोन पुरुष खोल. त्यावर जुन्या फरश्या. त्यावर मी आणलेली वाळू. आणि रविवारी त्यावर चाळीस पोरं. काटे मी काढले. खळगाही रोज मीच लपवला, फावड्याने, हात फिरवून.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दादाला सांगितलं. सगळं. वाटलं होतं, तो म्हणेल, थांब, मी बघतो. तसं तो आयुष्यभर म्हणत आलाय.

तो ओरडला. माझ्यावर, जन्मात पहिल्यांदा. "म्हातारीचं वय झालंय! अकरा वर्षं ती जमीन तशीच उभी आहे. लोकांनी खुर्च्या सांगितल्यात, पत्रिका वाटल्यात. आता मी सगळ्यांना काय सांगू?"

"तू पाहिलं होतंस ना, दादा? मग तू म्हणशील तसं. फक्त एकदा म्हण, मी पाहिलं."

तो उठला, बेसिनपाशी गेला आणि हात धुवायला लागला. बराच वेळ धूत राहिला. मग पाठ तशीच ठेवून म्हणाला, "जा, काम कर तुझं."

वहिनी दारात उभी होती. आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

मी इतकं कसं चिडवलं त्याला?

१ मार्च, शनिवार

हे वाचणाऱ्या, तू जो कुणी आहेस, आता लपून वाचू नकोस. ऐक. आज खळग्यात मी काठी घातली. माझ्या उंचीची काठी पूर्ण आत गेली आणि हातातून सुटली. पडल्याचा आवाज जरा उशिरा आला. पाण्यात पडल्याचा.

दुपारी हेडसरांकडे गेले होते. म्हणाले, "सेक्रेटरींनी मला तोंडी खात्री दिली आहे. तुझ्याकडे काही लेखी आहे का?" लेखी जे होतं त्यात खोटं होतं, आणि तेही फाटून गेलं. मी म्हटलं, येऊन बघा. ते म्हणाले, उद्या येणारच आहे. आणि मला समजावलं, की नव्या जबाबदारीची भीती वाटते माणसाला, दीर्घ श्वास घ्यावा.

बॅग भरली. खोटं कशाला लिहू. साडेपाचची बस आहे आणि मी तिच्यात बसले तर उद्या इथे जे होईल ते मला दिसणार नाही. भरलेली बॅग घेऊन पॅसेजमध्ये आले, तर मुंगी उद्याचा फ्रॉक घालून आरशासमोर. मावशींनी घरी पोचवला होता. "आत्या, वाळूत सगळ्यात आधी मी जाणार. हेडसर म्हणाले."

बस गेली. मी खाटेवर बसले आहे. पाय चालत नाहीत. आज पहिल्यांदा.

२ मार्च, रविवार

सकाळी सातला बागेत गेले आणि फाटकाला आतून कुलूप लावलं.

दुसरं काही सुचलंच नाही. आठच्या सुमाराला पोरं आली, मग आया, मग बाप, मग खुर्च्यांचा टेम्पो. साडेनऊला हेडसर कात्री घेऊन. मी गजांच्या आत, सगळी वस्ती बाहेर.

"उघड, बाळ."

"नाही उघडणार, सर. खाली टाकी आहे. भरलेली नाही."

आधी लोक हसले. "उद्घाटन आहे की उपोषण?" कुणीतरी म्हणालं. वेल्डर म्हणाला, "सर, कात्री नको, करवत आणा, कुलूप कापायचंय." मग हसू संपलं. कुणी ओरडलं, कुणी फाटक गदागदा हलवलं. मी दोन्ही हातांनी गज धरून उभी होते. ऊन चढलं तशी पोरं रडायला लागली. मुंगी सगळ्यात पुढे, तिला माझी लाज वाटत होती, स्पष्ट दिसत होतं.

मग दादा पुढे आला. गर्दी शांत झाली. आता प्रश्न सुटला असं सगळ्यांच्या तोंडावर होतं.

"दे किल्ली," तो म्हणाला.

दादाने काही मागितलं आणि मी दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मी किल्ली मुठीत धरली. "तू म्हणालास तरी नाही देणार, दादा."

मग त्याने शर्टाच्या खिशातून एक कागद काढला. चार घड्या घातलेला. एका कडेला दातेरी. मला कळेना, वहिनीने ते पान त्याला का दिलं असेल.

त्याने तो कागद हेडसरांना दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "टाकी बुजवल्याचं मी लिहिलंय. सही माझी आहे. मी बघायला गेलो नव्हतो."

"गेला नव्हतास म्हणजे?" हेडसरांचा आवाज चिरका झाला. "इथे समक्ष पाहिलं असं लिहिलंय! होतास कुठे त्या दिवशी?"

दादाने माझ्याकडे पाहिलं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

मी फाटक फक्त त्याच्यापुरतं उघडलं आणि पुन्हा लावलं. आम्ही दोघांनी विटांच्या कडेवर फळी टाकली, फळीवर गुडघे टेकले. त्याने पहार दोन्ही हातांनी वर उचलली आणि खळग्यात मारली. एकदा. दुसऱ्यांदा मारायची गरज पडली नाही. आधी काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, मग सगळी वाळू एकदम निघाली, सुस्स करत, मधोमध, आणि खाली पाण्यावर पडत राहिली. पडत राहिली. मी दादाचा शर्ट धरला होता की त्याने माझा, आता सांगता येत नाही. थांबली तेव्हा आमच्यापासून हातभर अंतरावर काळं भोक होतं आणि त्यातून थंड, कुबट हवा वर येत होती.

फाटकाबाहेर एक आवाज नाही. मग मुंगीचा.

"आत्या, वाळू कुठे गेली?"

६ मार्च, गुरुवार

मशीनने फरश्या उचलल्या. टाकी उघडी पडली. कुंपणापासून लांब उभं राहूनही माझ्या पायांना गुदगुल्या झाल्यासारखं होतं. तळाशी काळ्या पाण्यात वाळूचा एक पिवळा ढीग आहे. मी घातलेल्या सगळ्या घमेल्यांचा.

दादाने सेक्रेटरीपद सोडलं. लोक त्याला वाईटसाईट बोलले, एक बाप तर अंगावर धावून गेला. दादा हात जोडून उभा राहिला. मला एकच कळत नाही. या माणसाला माझा पहिला दात कधी पडला ते तारखेसकट आठवतं, चौथीतले माझे मार्क आठवतात. आणि स्वतः कुठे होता तेवढंच कसं आठवत नाही? विचारलं तर म्हणाला, "जाऊ दे, भिरभिऱ्या," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता.

पान त्यानेच फाडलं होतं. वाचलंही त्यानेच. म्हणाला, वही दिली तेव्हा ती कोणत्या सालची ते पाहिलं नव्हतं. मी वहिनीचं नाव घेतलं होतं, मनात का होईना. आज तिला सांगून टाकलं. ती भांडी विसळत होती.

"माझ्यावर संशय घेतलास?"

"हो."

"बरं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पंधरा दिवस कधीच होऊन गेले, माहीत आहे ना?"

"राहू का?"

"खाट घडी कर सकाळी. पायात येते."

३० मार्च, रविवार

दगड, मग मुरूम, मग माती. तीन आठवडे. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत मी काठावर उभी होते. जेवणाला गेले नाही, तेव्हा मावशी समोरून डबा घेऊन यायच्या आणि माझ्याबरोबर उभ्या राहायच्या. प्रत्येक थरावर रोलर फिरला. प्रत्येक थरावर मी पहार मारून पाहिली. ठक्. ठक्. काल हेडसरांनी नवी वही पुढे केली. म्हणाले, तू लिही. 'पाहून खात्री केली' असं मला लिहवेना. कोणत्या दिवशी काय टाकलं आणि मी कुठे उभी होते ते लिहिलं. सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं.

आज भाषण नाही, फीत नाही. पोरं मात्र सगळी आली, एवढं होऊनही. आयांनी त्यांचे हात घट्ट धरले होते आणि त्या फाटकाकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. मी कुलूप काढलं. दादा रस्त्यापलीकडे मावशींच्या दुकानाशी उभा होता, अलीकडे येईना.

मुंगी माझ्यापाशी येऊन थांबली. धावली नाही. मागच्या कोपऱ्यातल्या नव्या वाळूकडे बघत म्हणाली, "आत्या, जाऊ?"

जमीन पक्की आहे. मला माहीत आहे. या वस्तीत माझ्याइतकं ते कुणालाच माहीत नाही. तरी माझा हात किल्लीवरून निघेना. ती तोंड वर करून वाट बघत होती आणि तिच्यामागे सगळी पोरं.

"जा," मी म्हटलं.

ती गेली. तिच्यामागे बाकीची गेली. ओरडली, उड्या मारल्या, एकमेकांवर वाळू उडवली. मी खड्ड्याच्या विटांच्या कडेवर बसले आणि पापणी न लववता त्यांचे पाय बघत राहिले, ऊन उतरेपर्यंत. शेवटचं पोर घरी गेलं, तेव्हा उठायला गेले तर पाठ आखडली होती.

फाटक लावलं. किल्ली खिशात आहे. उद्या सकाळी पुन्हा उघडायचं, आणि पुन्हा म्हणायचं, जा. परवाही. रोज.